पेपरातला आकडा आणि पाड्यावरचे मूल



मध्यंतरी बोईसरच्या एका विहारात महिलांच्या आरोग्य बैठकीला गेले होते. विषय होता रक्तक्षय. बोलणे संपत आले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ताईने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता सांगितलंत, महाराष्ट्रात बालमृत्यू कमी झालेत. मग दर पावसाळ्यात मोखाड्याची, जव्हारची बातमी येते ती खोटी असते का? का तुमचा आकडा खोटा?"

मी म्हटले, "ताई, दोन्ही खरं आहे." ती हसली. तिला ते पटले नाही, हे चेहऱ्यावर दिसत होते. आणि तिचे काही चुकलेले नव्हते, कारण दोन्ही खरे कसे हे मी सांगितलेच नव्हते. बैठक संपली, बायका घरी गेल्या.

म्हणून या वेळी आरोग्य पानावर कोणत्याही आजाराची माहिती नाही. आरोग्याचा आकडा कसा वाचायचा, हा या वेळचा धडा आहे. गणिताची भीती बाळगू नका. भागाकार येतो तिला हा लेख पुरेसा समजेल. आपण राहतो त्या पालघर जिल्ह्याचीच उदाहरणे घेऊ.

सरासरी कोणाला झाकते?

आधी पेपरातला आकडा पाहू. अर्भक मृत्युदर म्हणजे एका वर्षात जिवंत जन्मलेल्या १००० बाळांमागे पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावलेली बाळे. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली हा दर देशात २८ होता आणि महाराष्ट्रात १६. म्हणजे आपले राज्य देशाच्या पुष्कळ पुढे आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. त्यामागे आशा, अंगणवाडी सेविका, ए.एन.एम. अशा हजारो बायकांचे कष्ट आहेत.

पण हा आकडा सगळ्या राज्याची सरासरी आहे. ही पाहणी निवडक गावे आणि शहरातले निवडक भाग घेऊन होते. राज्य कसे आहे ते तिच्यातून कळते. मोखाड्याच्या एका पाड्यावर काय चालले आहे ते कळत नाही, आणि ते सांगण्यासाठी ती केलेलीही नाही.

आता आपला जिल्हा पाहा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधी, २०११ च्या जनगणनेत, ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर. त्यात मोखाडा तालुक्याची माणसे किती? ८३ हजार. म्हणजे शंभर माणसांत एकही पुरता नाही. ठाणे, कल्याण, मिरा-भाईंदर यांच्याबरोबर मोखाड्याची सरासरी काढली, तर मोखाडा दिसणार कुठे?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे धरले होते. त्यामुळे त्या वेळी पालघरचा वेगळा आकडाच निघाला नाही. जिल्हा कागदावर जन्माला आला होता, पण आरोग्याच्या पुस्तकात तो ठाण्याच्या पोटातच राहिला. २०१९-२१ च्या फेरीत पालघरचे पान वेगळे झाले.

जिल्हा वेगळा झाला म्हणून झाकणे थांबले का? २०११ च्या मोजणीप्रमाणे आजच्या पालघर जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मिळून २९ लाख ९० हजार माणसे होती. त्यातली १३ लाख ४३ हजार एकट्या वसई तालुक्यात. मोखाड्यात ८३ हजार, जव्हारमध्ये १ लाख ४० हजार. एक हिशेब करून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा वसईत १०० मुलांमागे २० मुले कमी वजनाची आहेत आणि मोखाड्यात ६०. मुलांचे प्रमाण लोकसंख्येइतकेच धरले, तर दोन्ही तालुक्यांची मिळून सरासरी येते २२. वाचणारा म्हणेल, बरे चालले आहे. मोखाड्यातली साठ मुले त्या बाविसात गडप झाली.

बैठकीतल्या ताईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. राज्याचा आकडा खरा आहे आणि पाड्यावरची बातमीही खरी आहे. आकडा ज्या मापाने घेतला, त्या मापात पाडा मावत नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. पाड्यावर वर्षाला दहा बाळे जन्मली आणि एक गेले, तर दर होतो हजाराला शंभर. पुढच्या वर्षी एकही गेले नाही, तर शून्य. म्हणून लहान जागेचा एका वर्षाचा दर दाखवून "परिस्थिती भयंकर" किंवा "परिस्थिती सुधारली" असे काहीच म्हणता येत नाही. चार-पाच वर्षे सलग पाहावी लागतात. आकडा आपल्या बाजूने बोलत असला तरी त्याला हेच प्रश्न विचारायचे.

भागाकाराचा खालचा आकडा

कोणत्याही दरात दोन आकडे असतात. वर आजारी किंवा मृत माणसे, खाली एकूण माणसे. आपण भांडतो ते वरच्या आकड्यावर. चूक पुष्कळदा खालच्या आकड्यात असते.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. भात निघालेला असतो, घरात चार-सहा महिन्यांचा दाणा, आणि गावात काम नाही. माणसे वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्टीवर, रेती-बांधकामावर जातात. बरोबर लहान मुले जातात, गरोदर बायका जातात. होळीला काही जण येतात, बाकीचे पावसाच्या तोंडावर.

त्या सहा महिन्यांत ते मूल कोणाचे? गावातल्या अंगणवाडीच्या वहीत "स्थलांतरित" असा शेरा पडतो. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव असेलच असे नाही. त्याचे वजन इथेही होत नाही आणि तिथेही होत नाही. लस चुकते. गरोदर बाईची तपासणी चुकते. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. २०१५ पासूनची ही चांगली योजना आहे. पण ती पाड्यावर मिळते आणि बाई भट्टीवर असते.

त्या महिन्यांचा अहवाल पाहिलात तर तीव्र कुपोषित मुलांची संख्या घटलेली दिसू शकते. मुले सुधारली म्हणून नव्हे, तर मोजायला तिथे नव्हती म्हणून. आणि जूनमध्ये ती परत आली की आकडा चढतो. मग बातमी येते, "पावसाळ्यात कुपोषण वाढले." भूक आली होती हिवाळ्यात, भट्टीवर. वहीत ती चढली पावसाळ्यात.

व्याख्या कोणाची?

"कुपोषण" हा एक शब्द आहे, पण मापे तीन आहेत. वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे खुजेपणा. यावरून बरीच वर्षे चाललेली उपासमार कळते. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे मूल वाळलेले. ही हल्लीची भूक किंवा हल्लीचा आजार. आणि वयाच्या मानाने वजन कमी, ज्यात दोन्ही मिसळलेले असते.

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के वाळलेली होती. खुजेपणात आपण देशाच्या सरासरीइतकेच, कारण देशाचा आकडा ३५.५ आहे. पण वाळलेल्या मुलांत देश १९.३ वर आणि आपण २५.६ वर. देशातल्या श्रीमंत राज्यांत आपली गणना होते, आणि चार मुलांमागे एक मूल वाळलेले. पाच वर्षांआधीच्या फेरीतही हा आकडा २५.६ च होता. एका दशांशानेही हलला नाही. म्हणून कोणी "कुपोषण कमी झाले" म्हटले की विचारायचे, तीनपैकी कोणते माप?

मृत्यूचेही तसेच. मूल पोटातून मृत आले तर ती नोंद "उपजत मृत्यू" अशी होते आणि अर्भक मृत्युदरात धरली जात नाही. जन्मल्यावर एकदा जरी श्वास घेतला, एकदा रडले आणि मग गेले, तर तो अर्भक मृत्यू. दोहोंत अंतर एका श्वासाचे. रात्री तीन वाजता, एकच नर्स, दिवे गेलेले, अशा वेळी कोणता रकाना भरला जाईल हे त्या नर्सच्या हातात असते. मी तिथे उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते.

आणि मृत्यूचे कारण? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालके दगावली, तेव्हा सारा देश हादरला. २०१६ साली मोखाडा-जव्हारच्या बालमृत्यूंवरून पुन्हा रान उठले. अशा प्रत्येक वेळी एक वाद ठरलेला असतो. लोक म्हणतात कुपोषणाने गेले, कागद म्हणतो न्यूमोनियाने, जुलाबाने, कमी दिवसांचे म्हणून गेले. कागद खोटा असतोच असे नाही. भुकेने खंगलेले मूल शेवटी न्यूमोनियानेच जाते. धडधाकट मूल त्याच न्यूमोनियातून उठून बसले असते. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे अपुरे पोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मृत्यूच्या दाखल्यावर भूक हा शब्द येत नाही.

तारापूरची हवा आणि बोईसरचा खोकला

आता डोंगरावरून खाली, आपल्या दाराशी येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण पडले. परीक्षेत असते तर पेढे वाटले असते. इथे जास्त गुण म्हणजे जास्त घाण. ७० च्या वर गेले की वसाहत अतिप्रदूषित समजली जाते. तारापूर देशात पहिले आले.

हा आकडा आपल्या सभांतून वारंवार सांगितला जातो, म्हणून तो काय नाही तेही समजून घ्या. ९३ टक्के लोक आजारी आहेत, असा त्याचा अर्थ नाही. हवा, पाणी, जमीन किती बिघडली याचे ते एकत्र माप आहे. माणसाच्या तब्येतीचा त्यात थोडाच वाटा आहे, आणि तोही परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या नोंदींवरून धरतात. आता विचार करा. पास्थळ, सरावली, खैरापाडा भागात एका खोलीत सहा-सहा जण राहणारा ठेकेदारी कामगार खोकला आला तर मोठ्या रुग्णालयात जातो का? तो मेडिकलमधून सिरप घेतो. फार झाले तर गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन. त्याचा खोकला कोणत्याही वहीत चढत नाही.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कारखान्यात आरोग्य तपासणी झाली आणि ९५ टक्के कामगार तंदुरुस्त निघाले, तर कारखाना आरोग्याला चांगला आहे असे म्हणता येईल का? नाही. ज्याला दम लागू लागला, ज्याच्या हाताची कातडी गेली, तो आधीच काम सोडून उत्तर प्रदेशात, बिहारला, ओडिशाला किंवा आपल्याच मराठवाड्यातल्या गावी गेलेला असतो. त्याच्या जागी नवा, तरणा माणूस आलेला असतो. तपासणीला उभे राहतात ते टिकलेले. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे याला निरोगी कामगाराचा भास म्हणतात. आजारी माणूस गावी मरतो, तिथे त्याला तारापूरशी कोणी जोडत नाही. इथे तर तो आता नसतोच. भट्टीवरच्या मुलाचे आणि या कामगाराचे दुखणे आकड्यांच्या दृष्टीने एकच. दोघेही दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडतात.

मोठे अपघात मोजले जातात. ११ जानेवारी २०२० ला तारापूरच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला औषधांच्या कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार गेले. त्यांची बातमी झाली, चौकशी लागली. पण रोज थोडे थोडे जाणारे फुप्फुस, रोज थोडे थोडे कमी येणारे ऐकू, यांची बातमी होत नाही. त्यांची फक्त नोंद होऊ शकते, आणि तीच होत नाही.

माझ्या हातची एक नोंद

नोंद का होत नाही, हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगणार नाही.

जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी याच पट्ट्यातल्या एका छोट्या खासगी रुग्णालयात लागले. नवीन होते. एका रात्री दोघांनी एका कामगाराला आणले. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, डोळे उघडत नव्हते, अंगाला रसायनाचा वास. बरोबरचा माणूस, बहुधा सुपरवायझर, केसपेपर भरताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सिस्टर, घरी स्टोव्ह भडकला लिहा. उगाच पोलीस-बिलिस नको. खर्च आम्ही करतोय." मी वरिष्ठांकडे पाहिले. ते म्हणाले, "लिही." मी लिहिले. ज्या हाताने लिहिले तो हात माझा होता.

वास मला आला होता. स्टोव्हचे भाजणे कसे दिसते ते मला ठाऊक होते. ही पोलिसांना कळवण्याची केस आहे, हेही शिकवलेले होते.

काही वर्षांनी त्याची बायको कागद मागायला आली. त्याचा एक डोळा कायमचा गेला होता. कोणीतरी सांगितले होते की कामावर इजा झाली तर ई.एस.आय. मधून पैसे मिळतात. केसपेपर जुना झालेला, रद्दीत गेलेला. तिच्याकडे होता तो डिस्चार्जचा एक कागद. त्यावर माझ्याच अक्षरात "घरगुती अपघात". मी तिला काही सांगू शकले नाही. पाणी दिले.

त्या एका शब्दाने त्या बाईची भरपाई गेली. आणि त्या वर्षीच्या औद्योगिक अपघातांतून एक अपघात कमी झाला. घरगुती भाजण्यात एक वाढला. वर कुठेतरी कोणी अधिकारी तो तक्ता वाचून म्हणाला असेल, कारखाने सुरक्षित होत आहेत, स्टोव्हबाबत प्रबोधन करा. आकडा कोणी वर बसून खोटा करतो असे मला आधी वाटायचे. तो पुष्कळदा खालीच, रात्री, माझ्यासारखीच्या पेनाने बिघडतो. पुढे मी नोकरी सोडून या कामात आले त्याची कारणे बरीच आहेत. त्यातले हे एक.

बाबासाहेबांनी आकडे कसे वापरले

आकडेवारी हे साहेबांचे काम, आपले नाही, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीला सांगतो आणि विसरतो. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचा तुकडा किती एकरांचा एवढेच पाहून तो परवडणारा की न परवडणारा हे ठरत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती हे पाहावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे आधी व्याख्येलाच प्रश्न.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडली. "शाळेत जाणारी मुले वाढली" एवढ्यावर ते थांबले नाहीत. लोकसंख्येत कोणता वर्ग कितवा आणि शाळेत कितवा, हे त्यांनी समोरासमोर ठेवले. खालचा आकडा पाहायचा म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून कोण सांगेल? त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. त्या समितीने अस्पृश्य आणि आदिवासी या दोन्ही समाजांच्या स्थितीचा एकत्र अभ्यास करून १९३० मध्ये अहवाल दिला. जव्हारच्या पाड्याचे दुखणे आणि बोईसरच्या वस्तीचे दुखणे एकाच पानावर लिहिण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही.

आपली स्वतःची नोंद

२०११ नंतर जनगणना झाली नाही. रेशनच्या अन्नसुरक्षेचा कोटा आजही २०११ च्या लोकसंख्येवर चालतो. त्यानंतर बोईसरला किती माणसे आली, ती रेशनच्या रांगेत उभी राहिली की कळते. आता जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्वांची जात नोंदवली जाणार आहे.

२०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार लोकांनी धर्म बौद्ध सांगितला. पण अनुसूचित जातींच्या तक्त्यात बौद्ध आले सुमारे ५२ लाख. मधल्या १३ लाखांत इतर समाजांतून धम्मात आलेले लोकही असतील. पण जातीचा रकाना रिकामा राहिला म्हणून गळलेले किती, हे तुमच्या-माझ्या घरी विचारून पाहा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. अनुसूचित जातींसाठीचा निधी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो. धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत. घरी बसून, शांतपणे, आधीच ठरवून ठेवा की प्रगणक आल्यावर काय सांगायचे. त्याने काय लिहिले ते विचारून घ्या.

आकड्याला विचारायचे पाच प्रश्न

पेपरात, सभेत, सरकारी फलकावर कोणताही आकडा दिसला की हे विचारा.

१. हा आकडा कोणत्या जागेचा आहे? राज्याचा, जिल्ह्याचा, तालुक्याचा की पाड्याचा?

२. किती जणांमागे? खालचा आकडा कोणता, आणि तो कोणत्या वर्षाचा?

३. मोजताना कोण तिथे नव्हते? भट्टीवर गेलेले, ठेकेदाराकडचे, काम सोडून गेलेले?

४. व्याख्या कोणती? खुजे की वाळलेले? उपजत की अर्भक? अपघात घरचा की कामावरचा?

५. आधीच्या आकड्याशी तुलना करताना माप तेच आहे का?

आणि घरी, वस्तीत करायची कामे

जन्म आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवा. गावी जन्म झाला, भट्टीवर झाला, कुठेही झाला तरी. बाळ चार तास जगून गेले तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी होतात. "नाव ठेवलंच नव्हतं, काय नोंदवायचं" असे म्हणू नका. नाव नसले तरी नोंद होते.

मृत्यूचे कारण वाचा. "हृदय बंद पडून मृत्यू" हे कारण नव्हे. प्रत्येकाचे हृदय शेवटी बंदच पडते. ते कशामुळे बंद पडले, हे डॉक्टरांनी लिहायचे असते. २०२३ च्या कायद्यातील दुरुस्तीने कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याची तरतूद आहे. ती मागा.

केसपेपर सही करण्याआधी वाचून घ्या, येत नसेल तर वाचवून घ्या. कामावर लागले असेल तर "कामावर" हा शब्द आणि कारखान्याचे नाव त्यात आलेच पाहिजे. आपल्या उपचाराच्या कागदांची प्रत मागितली तर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे ठेवण्याचा नियम आहे, त्यानंतर ते मिळतीलच असे नाही. माझ्याकडे आलेल्या त्या बाईला उशीर झाला होता. तुम्ही करू नका.

पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ई.एस.आय.चा नंबर ठेकेदाराकडून मागून घ्या आणि घरच्या बाईला तो माहीत असू द्या. ठेक्यावरचा कामगारही त्यात येतो. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नसते.

मुलांचा दंड मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच दिवशी अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषित. त्याचे खाणे वाढवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. यासाठी रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाजवळ मुलाच्या वजनाचे आणि लसीचे कार्ड द्या, आणि तिकडच्या अंगणवाडीत ते दाखवायला सांगा.

विहारात एक वही ठेवा. वस्तीत या वर्षी किती जन्म, किती मृत्यू, कोणत्या वयाचे, कशाने, कोण कुठे काम करत होते. वर्षाअखेर ती ग्रामपंचायतीच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहा. फरक निघाला तर भांडायला जाऊ नका, आधी विचारायला जा. पुष्कळदा ए.एन.एम. ताईलाच तो फरक हवा असतो, कारण तिलाही वर काहीतरी दाखवायचे असते.

ही वही आजारी माणसाची खासगी माहिती आहे, हे विसरू नका. कोणाला टी.बी. आहे, कोणाचे मूल गेले, हे चव्हाट्यावर येता कामा नये. वही एका जबाबदार बाईकडे राहावी आणि सभेत फक्त संख्या सांगावी, नावे नाहीत.

त्या बैठकीतल्या ताईला मी निरोप पाठवला आहे. पुढच्या बैठकीत आपण रक्तक्षयाचा राहिलेला भाग पूर्ण करू. येताना प्रत्येकीने घरातला एक जुना केसपेपर किंवा मुलाचे लसीचे कार्ड घेऊन यावे. त्यात काय लिहिले आहे आणि काय राहून गेले आहे, ते आपण एकत्र बसून वाचू.